त्वचेखालील चरबीची वेदना : कारणे आणि उपचार

काशीतील मंगला गौरी, पंचगंगा आणि ब्रह्माघाट परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. घाटाच्या उंच पायऱ्या रोज चढणाऱ्यांना पाय दुखणे नवे नाही. त्यामुळे सांधे वा स्नायू नव्हे, तर मांडी, पोटरी किंवा दंडाचा मऊ भाग हलके दाबताच दुखतो, ही तक्रार ‘वजन वाढले’ असे म्हणून सोडून दिली जाते. मंगळागौरीच्या रात्री एखादी सून फुगडीतून बाजूला बसली, तर तो आळस समजू नये. ही वेदना खरी असते आणि तिला कारण असते.

वेदना कोठून येते?

चरबीच्या पेशींना स्वतःची संवेदना नसते. परंतु त्यांच्यामधील तंतूंच्या पडद्यांतून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जातात. तेथे दाह, सूज, जंतुसंसर्ग किंवा दाब निर्माण झाला की वेदना जाणवते.

प्रमुख कारणे

१. लिपेडिमा : हा विकार प्रामुख्याने स्त्रियांना होतो. वयात येताना, गरोदरपणात किंवा रजोनिवृत्तीच्या काळात दोन्ही पायांवर सारखीच चरबी साठते. पावले मात्र बारीकच राहतात. किरकोळ आघातानेही काळे-निळे डाग पडतात. आहार कमी करूनही पाय त्या प्रमाणात उतरत नाहीत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1940 मध्ये त्याचे वर्णन केले.

२. डर्कम व्याधी : अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञ डर्कम यांनी 1892 मध्ये या दुर्मीळ व्याधीला वेदनामय चरबीचा विकार असे नाव दिले. यात चरबीच्या भागांत किंवा गाठींत महिनोन्‌महिने वेदना राहते.

३. लायपोमा : ही चरबीची साधी गाठ बहुधा दुखत नाही. रक्तवाहिन्यांचे प्रमाण अधिक असलेली गाठ मात्र दुखू शकते.

४. चरबीच्या थराचा दाह : नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी उठतात. घशाचा संसर्ग, क्षयरोग किंवा काही औषधे त्यामागे असू शकतात. म्हणून केवळ मलम लावून थांबू नये.

५. जंतुसंसर्ग : बोटांच्या बेचक्यातील भेगांतून जंतू शिरतात, त्वचा लाल, गरम आणि दुखरी होते. मधुमेहींनी विशेष जपावे. सूज पावलावरही असेल व बहुधा एकाच पायाला असेल, तर हत्तीरोगाची तपासणी करून घ्यावी.

उपचार

उपचार कारणानुसार ठरतो. जंतुसंसर्गावर प्रतिजैविके पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावी लागतात. दुखरी गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. लिपेडिमात दाब देणारे मोजे, चालणे, पाण्यातील व्यायाम आणि त्वचेची निगा यांनी आराम पडतो. मोजे वापरण्यापूर्वी पायातील रक्तप्रवाह तपासून घ्यावा. निवडक रुग्णांत चरबी शोषून काढण्याची शस्त्रक्रिया उपयोगी ठरते. डर्कम व्याधी समूळ बरी करणारे औषध नाही, तरी वेदनेवर नियंत्रण मिळवता येते. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने सतत घेऊ नयेत. मूत्रपिंड आणि जठर यांना अपाय होतो.

हे टाळा

लाल, गरम भागाला तेल चोळू नका, शेकू नका. गाठ फोडू नका, डाग देऊ नका.

तातडीने रुग्णालय गाठा

• तापासह लाली झपाट्याने पसरत असल्यास
• वेदना असह्य असल्यास किंवा त्वचा काळी पडत असल्यास
• एकच पोटरी अचानक सुजल्यास. ही रक्ताची गुठळी असू शकते, म्हणून मालीश मुळीच करू नये
• गाठ वेगाने वाढत किंवा कडक होत असल्यास

पायाच्या सुजेसोबत दम लागल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. इतर तक्रारींसाठी कबीरचौऱ्यातील शिवप्रसाद गुप्त रुग्णालयात किंवा काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. वेदना केव्हा सुरू झाली, कोठे आहे, कोणती औषधे चालू आहेत, हे लिहून सोबत न्यावे. वजनाबद्दल संकोच वाटतो म्हणून आपले दुखणे लपवू नका.