कुकी ठेवण्याआधी विचारलंत का?

गेल्या सेमिस्टरला आतेभावाच्या ओळखीने मला जर्मनीतल्या एका छोट्या पुस्तकांच्या दुकानाची वेबसाइट करायचं काम मिळालं. आयुष्यातली पहिली कमाई! रात्री जागून साइट उभी केली, खाली कुकीची पट्टी टाकली, 'मान्य'च्या चौकटीत आधीच टिक करून ठेवली आणि मेसमध्ये कॉलर ताठ करून फिरलो. चार दिवसांनी निरोप आला: हे चालणार नाही, दुरुस्त करा, मगच पैसे. तेव्हा कुठे नियम वाचायला बसलो.

कुकी म्हणजे साइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद. 1994 मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी ही कल्पना आणली. एचटीटीपीला स्वतःची आठवण नसते, ती कुकी पुरवते. पण तीच नोंद साइटमागून साइट आपला माग काढू लागली, की तिचा ट्रॅकर होतो.

युरोपीय संघाच्या 2002 च्या ई-प्रायव्हसी निर्देशाचं कलम 5(3), 2009 च्या दुरुस्तीनंतर, सांगतं की वापरणाऱ्याच्या उपकरणावर काही ठेवायचं किंवा तिथलं काही वाचायचं तर आधी संमती घ्या. जर्मनीत हे टीडीडीडीजी कायद्याच्या कलम 25 मध्ये आहे. सवलती दोनच:

1) नेटवर्कवरून संदेश पोचवणं एवढ्याच कामाची नोंद.
2) वापरणाऱ्याने स्वतः मागितलेली सेवा जिच्याशिवाय देताच येत नाही, अशी नोंद. उदा. खरेदीची टोपली, लॉगिन.

'आम्हाला उपयोगी पडते' ही सवलत नव्हे! जाहिरातींचे ट्रॅकर तर यात बसतच नाहीत. भेटींची नुसती मोजणी करणाऱ्या साधनांना फ्रान्सची सीएनआयएल ही नियामक संस्था काही अटींवर सूट देते, पण ती फ्रान्सपुरती.

आता माझ्या चुका. पहिली, आधीच केलेली टिक. 1 ऑक्टोबर 2019 ला युरोपीय न्यायालयाने 'प्लॅनेट 49' खटल्यात अशी टिक म्हणजे संमती नव्हे, असा निकाल दिला. दुसरी, 'नाही'चं बटण मी सेटिंग्जच्या आत दडवलं होतं. नकार देणं होकाराइतकं सोपं नाही म्हणून सीएनआयएलने डिसेंबर 2021 मध्ये गूगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरो दंड केला होता. तिसरी चूक सगळ्यात वाईट. पट्टी दिसायच्या आधीच माझी मोजणीची स्क्रिप्ट चालू होत होती. म्हणजे दार उघडून आत शिरायचं आणि मग विचारायचं, 'येऊ का?'

मग प्रत्येक कुकीला एकच प्रश्न विचारला: ही काढली तर ग्राहकाने मागितलेलं काम अडतं का? टोपली आणि लॉगिन राहिले. मोजणी 'हो' म्हटल्यावरच सुरू होईल असं केलं. दोन्ही बटणं शेजारी, सारख्याच आकाराची. पैसे आले!

आपल्याकडच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती मुक्त, माहितीपूर्ण आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी असं म्हटलंय. तेव्हा फायनल इयरवाल्यांनो, प्रोजेक्टमध्ये कोड पेस्ट करण्याआधी तो कुणाची नोंद ठेवतोय ते एकदा बघाच.