क्लाऊड कॅड: महागडा कॉम्प्युटर वाचतोच, पण खरी बचत मशीनवर होते



आजच्या व्हिडिओतला विषय इथे सविस्तर देतोय, म्हणजे वही-पेन घेऊन निवांत वाचता येईल.

नागापूर एमआयडीसी असो, सुपा असो की श्रीरामपूर, आपल्या जिल्ह्यातल्या छोट्या वर्कशॉपचं चित्र बरंचसं सारखं असतं. दोन-तीन लेथ, एखादं व्हीएमसी, ऑफिसात एक कॉम्प्युटर आणि बाहेरून काम करणारा डिझायनर. तो पुण्यात बसून ड्रॉईंग करतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवतो. मग शॉपमध्ये 'फायनल', 'फायनल-२' आणि 'फायनल-नवीन' अशा तीन पीडीएफ फिरत राहतात.

आता समजा, तुमच्याकडे ४० फिक्स्चर प्लेटची ऑर्डर आहे. ग्राहकाने दोन होलमधलं अंतर १२० मिमीवरून ११८ मिमी केलं. डिझायनरने बदल केला, पण ऑपरेटरने कालचीच पीडीएफ उघडली. चाळीसच्या चाळीस प्लेट भंगारात! मटेरियल गेलं, मशीनचे तास गेले आणि पुढची ऑर्डरही धोक्यात आली.

क्लाऊड कॅड म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "सर, साध्या लॅपटॉपवर चालेल का?" बहुतेक वेळा चालतं. पण तुमचे पैसे खरे वाचतात ते सगळ्यांसमोर एकच ड्रॉईंग असल्यामुळे. हे डोक्यात ठेवून पुढे वाचा.

आधी ओळखा: काम नेमकं कुठे चालतंय?

'क्लाऊड' या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

१. सगळं ब्राउझरमध्ये. उदाहरण ऑनशेप. १९९३ साली सॉलिडवर्क्स कंपनी सुरू करणारे जॉन हर्शटिक यांनीच काही सहकाऱ्यांबरोबर २०१२ मध्ये ही कंपनी काढली. २०१९ मध्ये ती पीटीसीने विकत घेतली. मॉडेलची आकडेमोड सर्व्हरवर होते, तुमच्या लॅपटॉपला फक्त चित्र दाखवायचं काम. इन्स्टॉल काही करायचं नाही. प्रत्येक बदल लगेच सेव्ह होतो, त्यामुळे लाईट गेली तरी केलेलं काम राहतं. पण इंटरनेट गेलं की काम थांबलं.

२. फाईल क्लाऊडवर, काम तुमच्या मशीनवर. उदाहरण ऑटोडेस्कचं फ्युजन. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करावं लागतं आणि कॉम्प्युटरही बरा लागतो. मात्र इंटरनेट नसताना ऑफलाइन मोडमध्ये दोन आठवड्यांपर्यंत काम करता येतं.

३. अख्खा कॉम्प्युटरच दूर. तुमचं नेहमीचं कॅड दुसरीकडच्या ताकदवान मशीनवर चालतं, तुमच्याकडे फक्त तिचा पडदा दिसतो. ती मशीन भाड्याची असेल किंवा तुमच्याच शॉपमधली. भाड्याची असेल तर दोन गोष्टी विचारा. पहिली, तुमचं लायसन्स अशा मशीनवर वापरायला परवानगी आहे का? दुसरी, मीटर कधी थांबतो? लॅपटॉप बंद केला म्हणून तिकडची मशीन बंद होत नाही. रात्रभर चालू राहिली तर रात्रभराचं बिल येतं.

इंटरनेटचा हिशोब कागदावर करा

कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, फाईल मेगाबाइटमध्ये असते. ८ बिटचा एक बाइट. म्हणजे २०० एमबीची असेंब्ली ५ एमबीपीएस अपलोडवर चढवायला २०० × ८ ÷ ५ = ३२० सेकंद, पाच मिनिटांहून जास्त. म्हणून स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडबरोबर अपलोडचा आकडाही बघा.

तिसऱ्या प्रकारात पडद्याचं चित्र सतत येत असतं. त्याला ५ एमबीपीएस लागतात असं धरलं, तर तासाला सव्वादोन जीबी डेटा जातो. मोबाईलचा रोजचा २ जीबीचा पॅक तासाच्या आतच संपेल! इथे फायबर लाईनच हवी.

अंतरही मोजा. सर्व्हर परदेशात असेल तर माऊस हलवल्यावर मॉडेल उशिरा फिरतं. मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं केंद्र २०१५ पासून आणि ॲमेझॉनचं मुंबईतलं २०१६ पासून सुरू आहे. नगरहून पुणे साधारण १२० किलोमीटर, मग सर्व्हर अमेरिकेतला कशाला घ्यायचा? मशीन भाड्याने घेताना जवळचं ठिकाण निवडा.

आणि एक साधी गोष्ट: लाईट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो. राउटरला छोटा यूपीएस लावा.

एकच ड्रॉईंग: शॉपमध्ये शिस्त कशी लावायची?

सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे शिस्त आली असं नाही. ताजं ड्रॉईंग आणि मंजूर ड्रॉईंग यात फरक आहे. डिझायनर बदल करत असतानाच ऑपरेटरने लिंक उघडली, तर त्याला अर्धवट बदललेलं माप दिसेल. म्हणून:

- ग्राहकाने मंजुरी दिली की त्या क्षणाची व्हर्जन गोठवून ठेवा. तिला नाव द्या: पार्ट नंबर, रिव्हिजन, तारीख.
- ऑपरेटरला त्या गोठवलेल्या व्हर्जनचीच लिंक द्या, तीही फक्त बघण्यापुरती. बदलाचा हक्क डिझायनरकडे.
- जॉब कार्डवर रिव्हिजन नंबर लिहा. पहिला पीस काढण्याआधी ऑपरेटरने कार्ड आणि स्क्रीन ताडून बघायची.
- नवी रिव्हिजन आली की जुनी प्रिंट मशीनवरून काढून फाडायची. हे काम कोणाचं, ते नावानिशी ठरवा.
- व्हॉट्सॲपवर "ड्रॉईंग बदललं" एवढा निरोप पाठवा. ड्रॉईंग पाठवू नका.

फुकट प्लॅनची किंमत

इथे पुष्कळ जण फसतात. ऑनशेपच्या मोफत प्लॅनमध्ये बनवलेली डॉक्युमेंट सार्वजनिक असतात, कोणीही शोधून बघू शकतं. तुमच्या ग्राहकाचं ड्रॉईंग गोपनीयतेच्या करारातलं असेल आणि ते तिथे चढवलं, तर दोष तुमचाच. फ्युजनच्या वैयक्तिक मोफत लायसन्समध्ये एका वेळी १० डॉक्युमेंटच एडिट करता येतात. शिवाय हे दोन्ही प्लॅन व्यवसायासाठी नाहीत. मोफत प्लॅन शिकायला वापरा, ग्राहकाचं काम पैसे भरलेल्या खात्यातच करा.

आणखी एक. ग्राहकाने "ड्रॉईंग आमच्याच सर्व्हरवर राहील" अशी अट घातली असेल, तर कोणतंही क्लाऊड वापरण्याआधी त्याची लेखी परवानगी घ्या. संरक्षण खात्याशी संबंधित कामात तर हे विचारल्याशिवाय पाऊलच टाकू नका.

खातं कंपनीच्या ईमेलवर उघडा. डिझायनरच्या वैयक्तिक ईमेलवर असेल तर तो सोडून गेला की ड्रॉईंगही गेली! दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. आणि दर महिन्याला चालू पार्टची स्टेप फाईल, लेझर कटिंगसाठी डीएक्सएफ आणि पीडीएफ हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. उद्या सबस्क्रिप्शन बंद केलं तरी काम अडायला नको.

या आठवड्याचा गृहपाठ

१. शॉपमध्ये एका पार्टच्या किती ड्रॉईंग फिरताहेत ते मोजा: कागद, मोबाईल, कॉम्प्युटर, सगळं धरून.
२. गेल्या सहा महिन्यांत चुकीच्या रिव्हिजनमुळे झालेलं रिजेक्शन रुपयांत लिहा.
३. हा आकडा वर्षाच्या सबस्क्रिप्शनशेजारी ठेवा.
४. तुमचाच एखादा पार्ट, म्हणजे ग्राहकाचा नसलेला, घेऊन मोफत प्लॅनवर पंधरा दिवस सराव करा.

रिजेक्शनचा आकडा मोठा निघाला तर निर्णय सोपा आहे. तो शून्य निघाला आणि डिझायनर शॉपमध्येच बसत असेल, तर सध्या घाई करू नका. आहे त्या कॅडवर व्हर्जनची शिस्त लावा, तीही कमाईच आहे.

पुढच्या भागात जॉब कार्डचा नमुना भरून दाखवतो. तोपर्यंत गृहपाठ पूर्ण करा!