किती ग्रॅम, कोणत्या वारी

पाळी गेल्यावर येणाऱ्या घामाबद्दल, चिडचिडीबद्दल, उडालेल्या झोपेबद्दल बायका आताशा मोकळेपणाने बोलतात. लघवीच्या जागी होणारी आग, कोरडेपणा, खाज, नवऱ्याजवळ जायची वाटणारी धास्ती, हे मात्र सख्ख्या बहिणीलाही कुणी सांगत नाही. माझ्या वाट्याला हे सगळं आलं, त्यावरचं चांगलं औषधही मिळालं, आणि ते कसं वापरायचं हे कुणीच नीट न सांगितल्याने त्याच औषधाने पुढे माझी झोप उडवली. म्हणून जरा तपशिलात लिहिते.

सुरुवात लघवीच्या जळजळीने झाली. तपासणीत कधी जंतू सापडायचे, कधी नाही. अँटिबायोटिक मात्र दर वेळी. खाजेसाठी औषधाच्या दुकानातून एक मलम मिळालं. लावलं की दोन दिवस बरं वाटे, मग आग दुप्पट. पुढे डॉक्टरबाईंनी ती ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं दाखवली. बुरशीच्या औषधाबरोबर त्यात क्लोबेटासोल होतं, म्हणजे जोरकस स्टिरॉइड. आधीच पातळ झालेली नाजूक कातडी त्याने आणखी पातळ होते. काही त्वचाविकारांत हेच स्टिरॉइड योग्य ठरतं, पण ते तपासून, निदान झाल्यावर. काउंटरवरून चिठ्ठीशिवाय मिळालेली अशी ट्यूब त्या जागी लावू नका, एवढं तरी ऐका.

मूळ कारण वेगळंच होतं. शरीरातलं इस्ट्रोजेन कमी झालं की योनीचं अस्तर पातळ होतं, ओलावा आटतो. त्या अस्तरातल्या ग्लायकोजेनवर जगणारे लॅक्टोबॅसिलस हे उपकारी जंतू घटतात, तिथली आम्लता कमी होते आणि त्रासदायक जंतूंना वाव मिळतो. लघवीच्या नळीचं टोकही याच संप्रेरकावर अवलंबून असतं. म्हणून 2014मध्ये तज्ज्ञांनी योनीच्या आणि लघवीच्या या सगळ्या तक्रारी एकाच नावाखाली आणल्या. अंगातून निघणाऱ्या वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात. हा त्रास तसा ओसरत नाही, उपचार न केल्यास वाढतच जातो. ‘वयाचं आहे, सहन कर’ हा सल्ला इथे साफ चुकीचा आहे.

निदान झालं आणि इस्ट्रोजेनचं क्रीम मिळालं. ज्या दवाखान्यात ते लिहून दिलं, तिथल्या चिठ्ठीवर नाव होतं आणि पुढे ‘रात्री’ एवढाच शब्द. दुकानदाराने खोक्यावर पेनने तेच लिहिलं. खोक्यात प्लॅस्टिकची नळी होती. ती काठोकाठ भरून रोज रात्री वापरायची, असंच त्यावरून कुणालाही वाटेल. गुण आला, आणि झकास आला. जळजळ गेली, चालताना घासणं थांबलं. रोजचं कधी कमी करायचं हे कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे तेच चालू राहिलं. काही महिन्यांनी छाती जड होऊन दुखू लागली आणि एका सकाळी परकराला रक्ताचा डाग दिसला.

‘उष्णता झाली असेल, सब्जा घे,’ असं जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर दिसलेला रक्ताचा एक थेंबही डॉक्टरांना दाखवायचाच, मग क्रीम चालू असो वा नसो. माझी सोनोग्राफी झाली. रक्तस्राव झालेल्या बाईत गर्भपिशवीचं अस्तर 4 मिलीमीटरपर्यंत असेल तर बहुधा चिंता नसते. माझं त्याहून जाड होतं. मग अस्तराचा तुकडा काढून तपासला. अहवाल येईपर्यंतचे दिवस मी देवापुढे बसून काढले. कॅन्सर नव्हता. रोजच्या मोठ्या मात्रेने औषध रक्तात उतरत होतं आणि अस्तर वाढवत होतं. क्रीम बंद झालं, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सुरू झाल्या, पुन्हा सोनोग्राफी होऊन अस्तर पातळ झाल्याची खात्री झाली.

दरम्यान घरी येणाऱ्या प्रत्येकीने ‘पिशवीच काढून टाक’ असं सुचवलं. आपल्याकडे हा सल्ला फार स्वस्त झाला आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या ऐन तरुणपणी काढल्या जात असल्याचं उघड झाल्यावर 2019मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर अंडाशयही गेले की तिशीतल्या बाईला एका दिवसात पाळी गेल्याची अवस्था येते, आणि मी वर लिहिला तो सगळा त्रास तिच्या मागे लागतो. त्या बायकांना हे क्रीम कोण लिहून देतं, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

आता मी तेच औषध पुन्हा वापरते, आणि निर्धास्तपणे वापरते. फरक मात्रेचा आहे. साधारण पद्धत अशी: पहिले दोन आठवडे रोज रात्री थोडंसं, त्यानंतर आठवड्यातून दोनच वेळा. माझे वार सोमवार आणि गुरुवार, कॅलेंडरवर खूण केलेले. एस्ट्रिऑलच्या नेहमीच्या क्रीममध्ये 1 ग्रॅमला 1 मिलिग्रॅम औषध असतं आणि एका वेळी अर्धा ग्रॅम क्रीम पुरतं. कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेनच्या क्रीममध्ये 1 ग्रॅमला 0.625 मिलिग्रॅम असतं. ते औषधच निराळं, त्याचा हिशेबही निराळा. म्हणून डॉक्टरांकडून तीन गोष्टी कागदावर घ्या: एका वेळी किती ग्रॅम, कोणत्या वारी, आणि पुन्हा दाखवायला कधी यायचं. नळीवर रेघा असतात. अर्ध्या ग्रॅमची रेघ नर्सकडून बोट ठेवून दाखवून घ्या आणि दट्ट्या तिथपर्यंत आला की ट्यूब दाबणं थांबवा. एवढ्याशा क्रीमने काय होणार असं वाटतं, पण तेवढंच लागतं. वापरून झाल्यावर नळीचे दोन्ही भाग सुटे करून कोमट पाण्याने, सौम्य साबणाने धुवा. उकळत्या पाण्यात घालू नका, प्लॅस्टिक वाकडं होतं आणि मोजमाप चुकतं.

क्रीम झोपताना लावावं, म्हणजे ते जागेवर राहतं. संबंधाआधी वंगण म्हणून ते कधीही वापरू नये, औषध नवऱ्याच्या अंगात जाऊ शकतं. वंगणासाठी वेगळी जेल मिळते. हात साबणाने धुतल्याशिवाय नातवंडाला उचलू नका. आराम दोन-तीन आठवड्यांत जाणवू लागतो, पुरता गुण यायला तीनेक महिने लागतात. बंद केलं की त्रास परततो, म्हणून औषध लांबतं आणि वर्षातून एकदा डॉक्टरांची भेट ठरलेली असावी.

खोक्यातलं माहितीपत्रक वाचून बऱ्याच जणी पहिल्याच रात्री ट्यूब बाजूला ठेवतात. त्यातली हृदयविकाराची, पक्षाघाताची, स्तनाच्या कॅन्सरची भीती मुख्यतः 2002मध्ये गाजलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातून आली, आणि तो अभ्यास पोटात घ्यायच्या गोळ्यांचा होता. जागेवर लावायच्या अल्प मात्रेचं औषध रक्तात फारच थोडं उतरतं. नोव्हेंबर 2025मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी माहितीपत्रकातला या धोक्यांबद्दलचा चौकटीतला इशारा काढण्याचा निर्णय जाहीर केला. मात्र ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेला आहे, विशेषतः ज्या लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल घेत आहेत, त्यांनी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे क्रीम लावूच नये. त्यांच्यासाठी हॉर्मोन नसलेली ओलावा टिकवणारी जेल असते, सुरुवात तिथून करावी. कारण न सापडलेला रक्तस्राव चालू असेल तर कुणीच लावू नये.

आणखी एक. ठरलेली ट्यूब दुकानात नसली की ‘ताई, हे घ्या, तेच आहे’ म्हणून दुसरी पुढे केली जाते. घटकाचं नाव आणि ग्रॅममागचं प्रमाण आपल्या चिठ्ठीशी ताडून पाहा. चष्मा घरी राहिला असेल तर दुकानदाराला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. जुळलं नाही तर ट्यूब परत करा आणि डॉक्टरांना फोन लावा.