रोही-रानडुकरांसाठी बंदूक घ्यावी की कुंपण? देऊळगाव राजाच्या शेतकऱ्यासाठी खर्चाचा हिशेब

मका कणसात आला, हरभरा घाट्यावर आला की देऊळगाव राजा तालुक्यात रात्रीची राखण सुरू होते. इथे नुसता मका-सोयाबीन नाही. जालन्याच्या बियाणे कंपन्यांसाठी मिरची, टोमॅटो, काकडीचे बीजप्लॉट आणि त्यांची शेडनेटं या भागात जागोजाग आहेत. साध्या मक्यात डुकरं शिरली तर काही क्विंटल जातात. बीजप्लॉटमध्ये शिरली तर बायांनी एकेका फुलाला हाताने परागकण लावून केलेली महिनाभराची मेहनत एका रात्रीत जाते. अशा वेळी माणसाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो बंदुकीचा. त्या मागोमाग कुणीतरी सांगतो की काडतुसं महाग पडतात, दारू आणून घरीच भरू.

आधी या घरी भरण्याचं बोलू, कारण सगळ्यात मोठी किंमत तिथे मोजावी लागते. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. बंदुकीची दारू स्फोटकांच्या कायद्यातही येते, आणि तो कायदा राबवणाऱ्या खात्याचं देशातलं मुख्य कार्यालय आपल्याच नागपुरात आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी जीवाचा प्रश्न उरतो. परदेशात मॅग्नम रायफलीची काडतुसं हौशी शिकारी घरी भरतात, हे अनेकांनी व्हिडिओत पाहिलेलं असतं. ते काम छापील तक्त्यावरून चालतं आणि दारू ग्रेनमध्ये तोलली जाते. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. मोठ्या मॅग्नम काडतुसाला सावकाश जळणारी दारू लागते. तिच्या जागी पिस्तुलाची किंवा छर्ऱ्याच्या काडतुसाची झपाट्याने जळणारी दारू गेली, तर गोळी नळीतून पुढे सरकण्याआधीच दाब हाताबाहेर जातो. 12 बोअरच्या साध्या काडतुसाला दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला साडेअकरा हजार पौंडांच्या घरात आहे, तर .375 मॅग्नमला बासष्ट हजारांच्या घरात. ठासणीच्या बंदुकीचंही तसंच. ती काळ्या दारूसाठी घडवलेली असते. तेवढ्याच मापाने बिनधुराची दारू ठासली तर नळी फुटते, आणि बार काढणाऱ्याचा डोळा नाहीतर हात जातो. दारूचा रंग किंवा दाणा बघून ती कोणती आहे हे ओळखता येत नाही. जुन्या काडतुसातून काढलेली दारू तर कुणीही वापरू नये. काडतूस घ्यायचं ते परवानाधारक दुकानातून, सीलबंद, आणि दुकानदाराकडून परवान्यावर नोंद करूनच.

आता परवान्याचा खर्च. जालना हाकेच्या अंतरावर असलं तरी अर्ज बुलढाण्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो, म्हणजे चिखलीमार्गे फेऱ्या आल्या. ऑनलाइन अर्ज, सातबारा, आठ-अ, ओळखीचे पुरावे, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि घरात शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, एवढी जुळवाजुळव करावी लागते. त्यानंतर पोलीस चौकशी होते. सरकारी चलन हा या सगळ्यातला लहान आकडा आहे. मोठा खर्च बंदुकीचा, कुलूपबंद कपाटाचा, काडतुसांचा आणि बुडालेल्या दिवसांचा. 2019 पासून परवान्याची मुदत पाच वर्षं झाली आहे, त्यामुळे नूतनीकरण विसरू नका. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघू शकतो. ती वेळ नेमकी पिकाच्या हंगामात आली, तर पैसे घालून घेतलेलं शस्त्र ठाण्यात आणि डुकरं शेतात.

बरेच जण एक गोष्ट लक्षात घेत नाहीत. शस्त्राचा परवाना मिळाला म्हणजे जनावर मारायची मुभा मिळाली असं होत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 प्रमाणे शिकार बंद आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रोही आणि रानडुकराला मारायचं असेल तर वनविभागाची स्वतंत्र लेखी परवानगी लागते. महाराष्ट्रात 2015 पासून ही परवानगी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या पातळीवर आली आहे. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं. मांस वाटून घेतलं तर तो गुन्हा आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. अंधारात रोह्याऐवजी काळवीट पडलं तर तीन ते सात वर्षांची कैद समोर उभी राहते. आणि एक डुक्कर पाडून कळप थांबत नाही. दोन रात्रींनी उरलेला कळप पलीकडच्या बांधावरून येतोच.

म्हणून माझं मत सरळ आहे: पहिला रुपया झटका कुंपणाला घाला. पाच एकरांचं चौरस शेत धरा. त्याचा घेर साधारण 570 मीटर भरतो. तेच पाच एकर एकास चार अशा लांबट पट्टीत असतील तर घेर 710 मीटरवर जातो. तेव्हा एकरावरून अंदाज देणाऱ्या दुकानदाराला थांबवा आणि आधी टेप लावा. 570 मीटरला पाच पदर म्हणजे 2,850 मीटर तार. 14 गेजची तार किलोला सुमारे 39 मीटर भरते, म्हणजे 73 किलो. 12 गेज घेतली तर 123 किलो. पंधरा फुटांवर एक खांब धरला तर 125 खांब.

दर रोज बदलतात. खालचे आकडे फक्त हिशेबाची रीत दाखवायला धरले आहेत, तुम्ही त्या जागी तुमच्या दुकानाचे घाला. तार 100 रुपये किलोने 7,300, खांब 150 ने 18,750, खांबाला पाच याप्रमाणे 625 इन्सुलेटर 5 रुपयांनी 3,125, आणि बॅटरी-सोलर पॅनलसकट मशीन 12,000. बेरीज 41,175. मजुरी, फाटक आणि अर्थिंग वेगळं. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजनेत सौर कुंपणाला किमतीच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यात जे कमी असेल तेवढं अनुदान आहे. या उदाहरणात 15,000 धरले तर तुमच्या खिशातून 26,175 जातील. गाव पात्र आहे का, हे माल घेण्याआधी वनविभागात विचारा.

डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभरच ठेवा, नाहीतर ते नाक घालून खालून निघून जातं. रोह्यासाठी वरचा पदर छातीच्या वर हवा. तारेला गवत टेकलं की झटका मरतो, म्हणून पावसाळ्यात बांध दर आठवड्याला साफ करावा लागतो. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा गज कोरडा पडतो. मशीन टिकटिक करतं, पण तारेत जोर नसतो. गजाभोवती पाणी ओता आणि मशीनपासून सगळ्यात लांबच्या खांबावर टेस्टर लावून पाहा. घेताना बिल आणि वॉरंटी कार्ड सोडू नका.

झटका मशीन सेकंदाला एखादा क्षणिक झटका देतं, म्हणून जनावर दचकून मागे फिरतं. तारेत थेट घरचा किंवा मोटारीचा करंट सोडला तर शेजाऱ्याचा मुलगा जागेवर जातो आणि शेतमालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. हे कोणत्याही परिस्थितीत करू नका.

कुंपण असूनही नुकसान झालं तर भरपाईसाठी तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. सातबारा जोडा. पावलांचे ठसे आणि मोडलेलं पीक यांचे फोटो सकाळीच, नांगर किंवा खुरपं लागण्याआधी काढा. बीजप्लॉट असेल तर कंपनीच्या कराराची प्रत पंचनाम्याच्या वेळी हातात ठेवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.