क्वाड बाईक घेताय? आधी चेन की शाफ्ट ते ठरवा

क्वाड बाईक घ्यायला गेलेला माणूस सीसी विचारतो, वेग विचारतो, किंमत विचारतो. इंजिनाची ताकद मागच्या एक्सलपर्यंत चेनने जाते की शाफ्टने, हे विचारणारा विरळा. पण गाडी दारात आल्यावर तिच्यावर किती आणि कधी खर्च होणार, हे बरेचसे यावरच ठरते.

सुझुकीने 2015 मध्ये भारतात दोन क्वाड आणल्या. ओझार्क 250 साधारण 5 लाख 45 हजारांना आणि क्वाडस्पोर्ट झेड400 साधारण साडेआठ लाखांना. पहिली शाफ्टची, दुसरी चेनची. अमेरिकेतही स्वस्त गाडी शाफ्टची आणि महाग चेनची, असेच दिसते. होंडाची 229 सीसीची टीआरएक्स250एक्स शाफ्टवर चालते आणि पाच हजार डॉलरच्या आसपास मिळते. यामाहाची रॅप्टर 700आर आणि वायएफझेड450आर या चेनच्या गाड्या नऊ-दहा हजार डॉलरच्या घरात आहेत. यावरून चेन महाग असा अर्थ काढू नका. तो फरक इंजिनाचा आणि सस्पेन्शनचा आहे.

खरेदीआधी आणखी एक गोष्ट पक्की समजून घ्या. अशा स्पोर्ट क्वाडची आरटीओकडे नोंदणी होत नाही. त्या खासगी जमिनीवर किंवा ट्रॅकवरच चालवायच्या. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घातली तर पोलीस कारवाई करतात.

आता चेनकडे वळू. शर्यतीच्या 450 सीसी क्वाड सगळ्या चेनच्याच असतात, आणि त्याला कारण आहे. चेन हलकी असते, ताकद कमी खाते आणि गिअरिंग बदलणे सोपे जाते. पुढचे 14 दातांचे स्प्रॉकेट काढून 13 दातांचे घातले, की चाकाला मिळणारा जोर जवळपास 8 टक्क्यांनी वाढतो आणि कमाल वेग साधारण 7 टक्क्यांनी उतरतो. चढाच्या किंवा वळणावळणाच्या ट्रॅकवर हा बदल लगेच जाणवतो. तो होतो एका स्प्रॉकेटच्या किमतीत.

या फायद्याची किंमत देखभालीतून वसूल होते. समुद्राची वाळू आणि कोकणातला लाल चिखल चेनला अक्षरशः घासून खातात. प्रत्येक फेरीनंतर चेन धुवायची, वाळवायची, चेन-स्प्रे मारायचा. ओ-रिंगची चेन असेल तर रॉकेल चालते, पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको. त्यांनी कड्यांमधल्या रबरी रिंगा खराब होतात. क्लीनर आणि स्प्रेचे मिळून सातशे-हजार रुपये धरा. ताणही पाहत राहावे लागते. बहुतेक स्पोर्ट क्वाडमध्ये एक्सलचे हाउसिंग फिरवून चेन ताणतात, त्यासाठी योग्य पाना आणि मॅन्युअलमधले माप हवे.

दिलाशाची बाब म्हणजे या गाड्यांना बहुधा 520 मापाची चेन लागते, आणि चाकणला बनणाऱ्या केटीएम 390 ची चेनही त्याच मापाची आहे. चांगली ओ-रिंग चेन चार ते सात हजारांत मिळते, कड्या कमी करून बसवता येते. स्प्रॉकेट मात्र त्या त्या मॉडेलचेच लागते, ते बाहेरून मागवावे लागते. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवणे म्हणजे तिचे पैसे वाया घालवणे. आणि चेन तुटेपर्यंत थांबू नका. तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन इंजिनाचे केसिंग फोडू शकते. मग हिशेब हजारांत राहत नाही.

शाफ्टमध्ये हे रोजचे काम नाही. सगळे बंद केसिंगमध्ये, तेलात. ठरल्या वेळी मागचे गिअर ऑईल बदलायचे, तेही थोडेसेच लागते. खर्च काही शे रुपये. पण वजन जास्त, गिअरिंग बदलता येत नाही, आणि उंच उडी मारून थ्रॉटल दाबून उतरलात की सगळा दणका क्राउन-पिनियन या मागच्या गिअरजोडीवर येतो. ती जोडी गेली, तर अमेरिकेतच काही शे डॉलर पडतात. इथे वाहतूक, कस्टम आणि मजुरी वरून, शिवाय गाडी महिनाभर उभी.

म्हणून सेकंडहँड शाफ्टची गाडी घेताना मागच्या गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट उघडून बघाच. तेल दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे. धातूचे कण किंवा तुकडे निघाले तर सौदा सोडा. मागची चाके उचलून पुढेमागे हलवा. मोठा खळखळाट आला तर गिअर झिजलेत. विकणारा बोल्ट उघडू देत नसेल, तर तेच उत्तर समजा. चेनच्या गाडीत मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटाने मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला, तर पूर्ण सेटचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

माझे मत स्पष्ट आहे. ट्रॅकवर पळवायची, उड्या मारायच्या, स्वतः हात काळे करायची तयारी असेल, तर चेनच घ्या. बागेत फिरायला, सामान ओढायला, किंवा लोणावळा-पाचगणीसारख्या ठिकाणी पर्यटकांना भाड्याने द्यायला हवी असेल, तर शाफ्ट घ्या. भाड्याच्या गाडीची चेन रोज कुणी धूत नाही. मात्र कुठलीही घ्या, पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून स्प्रॉकेट किंवा क्राउन-पिनियनची किंमत आणि ते किती दिवसांत मिळेल, हे लेखी घ्या.