विजन, रान आणि वावर : निसर्गसहवासाच्या मराठी कल्पनेचा यवतमाळच्या भूमीवरून विचार

निसर्गाच्या सहवासात माणसाचे मन निवते, त्याचे व्यक्तिमत्त्व वाढते, हे विधान आज इतके सर्वमान्य झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. जपानमध्ये १९८२ साली ‘शिनरिन-योकू’ म्हणजे वनस्नान ही संज्ञा शासकीय पातळीवर पुढे आली. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. खिडकीतून झाडे दिसणारे २३ रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्या २३ रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली, असे त्यात आढळले. रेचेल व स्टीफन कॅप्लन यांनी १९८९ च्या ग्रंथात याची एक उपपत्ती मांडली. कामात ओढून लावलेले अवधान थकते आणि निसर्गात ते अनायास गुंतत असल्यामुळे त्यास विश्रांती मिळते, असा तिचा आशय आहे. हे सर्व मोलाचे आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकापुढील प्रश्न इथे संपत नाही. खिडकीतून झाड पाहणारा रुग्ण त्या झाडाशी काही करीत नाही. अरण्यात जाणारा माणूस मात्र तिथे काहीतरी करतो, कोणाच्या तरी सोबतीने जातो आणि बहुधा परत येतो. तो काय करतो, त्याला कोण नेते आणि परत येण्याची मुभा कोणाला असते, या तीन प्रश्नांच्या आधारे मराठीतील अरण्यविषयक लेखन पाहिले तर त्याचे वेगळेच रूप दिसू लागते. प्रस्तुत लेखात हे प्रश्न यवतमाळ जिल्ह्याच्या भूमीवरून विचारले आहेत. सागवानी जंगल, कापसाचे वावर आणि कोलामांचे पोड हे तिन्ही या जिल्ह्यात एकमेकांना लागून आहेत. त्यामुळे निसर्गाविषयीचे कोणतेही सोपे विधान येथे फार काळ टिकत नाही.

प्रारंभी शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल. ‘रान’ या शब्दाचा कोशातील अर्थ अरण्य असा असला, तरी पश्चिम महाराष्ट्रात व सोलापूरकडे ‘रानात गेला’ म्हणजे शेतात गेला. वऱ्हाडी बोलीत शेतासाठी ‘वावर’ हा शब्द रूढ आहे आणि झाडीसाठी सर्रास ‘जंगल’. ‘वावर’ या शब्दाला वावरण्याचा, येण्याजाण्याचा अर्थही चिकटलेला आहे. व्युत्पत्ती काहीही असो, वऱ्हाडी कानाला शेत ही रोजच्या वावराची जागा वाटते, हे नाकारता येणार नाही. मारुती चितमपल्ली यांच्या ‘रानवाटा’ या शीर्षकात सोलापूरच्या वाचकाला शेत आणि अरण्य यांची सरमिसळ ऐकू येते. घाटंजीच्या वाचकाला ती तशी ऐकू येत नाही. प्रमाण मराठीने ‘निसर्ग’ हा संस्कृत शब्द स्वीकारला तेव्हा या सर्व जागा एका अमूर्त नावाखाली आल्या. निसर्गात जायचे, तर आधी निसर्गाबाहेर असावे लागते. वावरात राबणाऱ्याला हा वाक्प्रयोग अंमळ परकाच वाटणार.

विजन : अरण्याचे अनुशासन

एकांतात जाऊन चित्त घडविण्याची मराठीतील सर्वांत जुनी ग्रांथिक परंपरा विदर्भातीलच आहे. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धिपूर येथे सिद्ध झाले. त्यातील ‘एकांक’ या भागात चक्रधरांच्या एकाकी भ्रमणाचा काळ येतो. पाठलाग होत असलेल्या सशाला त्यांनी आश्रय दिल्याची लीळा सर्वपरिचित आहे. महानुभावांच्या आचारधर्मात अटन, भिक्षा यांच्या बरोबरीने ‘विजन’ हा आचार सांगितला आहे. विजन म्हणजे वस्तीबाहेर निर्जन जागी, बहुधा झाडातळी, जाऊन स्मरणात काळ घालविणे. या संज्ञेकडे मराठी निसर्गलेखनाच्या अभ्यासकांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. विजनात सृष्टिसौंदर्याचा आस्वाद अभिप्रेत नाही. साधकाने झाडाकडे पाहावे असा आग्रह नाही, झाडातळी बसावे असा आहे. शिवाय हे एकदाच करावयाचे साहस नसून नित्याचा नेम आहे. विजनानंतर भिक्षेसाठी गावात येणे आहेच. गाव आणि निर्जन जागा यांच्यातील ये-जा हाच त्या दिनक्रमाचा आधार होय. आजच्या मानसशास्त्राला निसर्गातील वेळ नियमित असावा असे वाटते. महानुभावांनी तो आचार म्हणून घालून दिला. हेतू मात्र निराळा होता, हे विसरून चालणार नाही. त्यांना मनाचे स्वास्थ्य मिळवायचे नव्हते. संबंध आणि विषय यांच्यापासून सुटायचे होते. ‘विजन’ म्हणजे प्राचीन मराठी वनस्नान असे समीकरण मांडण्याचा मोह म्हणूनच आवरला पाहिजे.

याच ‘एकांक’मध्ये साळबर्डीच्या डोंगरात राहणाऱ्या मुक्ताबाई या तापसीची भेट आहे. केस व नखे वाढलेली ही स्त्री स्वतःच्या इच्छेने रानात राहते. ती भ्यालेली नाही, टाकलेली नाही आणि तिला कोणी सोडवावयाचेही नाही. मराठीच्या आरंभकाळातील गद्यात अशी स्त्री आढळावी ही साधी गोष्ट नव्हे. पुढे सीतेचा विचार करताना तिचे स्मरण ठेवावे लागेल.

चितमपल्ली : नावे शिकणे

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे लेखन हे अरण्यसहवासातून घडलेल्या व्यक्तिमत्त्वाचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण होय. सोलापूरच्या गिरणगावात वाढलेला हा मुलगा कोइमतूरच्या वनमहाविद्यालयात शिकला, वनखात्यात आला, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट येथे राहिला आणि १९९० मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्पातून निवृत्त झाला. २००६ साली सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ‘चकवाचांदण : एक वनोपनिषद’ या आत्मचरित्राच्या शीर्षकातच अरण्य ही गुरुगृहाची जागा असल्याचे सूचित होते. उपनिषद म्हणजे जवळ बसून मिळविलेली विद्या.

चितमपल्लींचा हा ‘गुरू’ म्हणजे अमूर्त निसर्ग नव्हे, हे त्यांच्या वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावे. त्यांना शिकविणारी माणसे आहेत : घरातील वडीलधारी मंडळी, वनरक्षक, पारधी, ढीवर, गोंड. ‘नवेगावबांधचे दिवस’मधील जग हे तलाव आणि पक्षी यांचे आहे तितकेच त्या तलावावर जगणाऱ्यांचेही आहे. या लोकांकडून ते प्रामुख्याने नावे शिकतात. पक्षिकोश, मत्स्यकोश, वृक्षकोश असे कोशकार्य त्यांनी उतारवयापर्यंत चालविले ते याच ओढीने. ज्याला पूर्वी ‘एक पक्षी’ एवढेच दिसत होते, त्याला नाव कळल्यानंतर त्याचे घरटे, ऋतू, आवाज दिसू लागतात. पाहणाऱ्याचे अवधान बदलते आणि अवधानासोबत माणूसही बदलतो. त्यांच्या गद्यातील संथपणा हा शैलीचा अलंकार नाही, तर या सवयीचा परिणाम आहे. कॅप्लन यांच्या उपपत्तीला येथे एक दुरुस्ती सुचते. अवधान अनायास गुंतते हे खरे, पण चितमपल्लींच्या बाबतीत ते आयासाने, वर्षानुवर्षांच्या उमेदवारीने गुंतलेले आहे. विश्रांती मिळते ती त्यानंतर.

त्यांच्या लेखनाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. लोकसमजूत आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांची सीमारेषा ते अनेकदा पुसट ठेवतात. ललित गद्य म्हणून ते खपते, निसर्गनोंद म्हणून खपत नाही. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ज्या माणसांकडून ते शिकले त्यांना जंगलात काय करता येईल व काय करता येणार नाही हे ठरविणाऱ्या खात्याचे ते अधिकारी होते. गुरूवर शिष्याची सत्ता आहे, हा ताण त्यांच्या पानांत अधूनमधून डोकावतो, परंतु लेखनाचा विषय होत नाही.

याच्या उलट टोकाला दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) आहे. तरुणपणी मध्य प्रांतातील आदिवासींमध्ये संशोधन करताना झालेल्या विषबाधेने त्यांना कित्येक वर्षे अंथरुणाला खिळविले होते. ऋतुचक्राची रचना चैत्र ते फाल्गुन अशी मासानुसारी आहे आणि त्यातील पुष्कळसे निरीक्षण मुंबईसारख्या शहरातले आहे. थोरोच्या ‘वॉल्डन’चा ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ हा अनुवाद त्यांनीच केला. परंतु थोरोप्रमाणे तळ्याकाठी झोपडी बांधण्याची गरज त्यांना भासली नाही. रस्त्यावरचे झाड बारा महिने पाहत राहणे त्यांना पुरले. ज्याच्या वाट्याला अरण्य येत नाही अशा वाचकासाठी ‘रानवाटा’पेक्षा ‘ऋतुचक्र’ अधिक उपयोगी आहे, असे म्हणावयास हरकत नाही. वर्गात मात्र हे पुस्तक बहुधा अलंकारांच्या यादीपुरते शिकविले जाते.

यवतमाळचे जंगल : हक्क, भीती, वनवास

वरील लेखक घेऊन यवतमाळ जिल्ह्यात आले की चित्र पालटते. येथील जंगल आधुनिक इतिहासात प्रथम ठळकपणे येते ते सत्याग्रहाची भूमी म्हणून. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग केला. गवत कापणे ही कृती प्रतीक होऊ शकली, कारण ती रोजची गरज होती आणि १९२७ च्या वन अधिनियमाच्या चौकटीत तीच गुन्हा ठरत होती. जंगलात जाणे म्हणजे मनःशांती मिळविणे, हा अर्थ येथील माणसाच्या वाट्याला येण्यापूर्वी जंगलात जाणे म्हणजे हक्क बजावणे, हा अर्थ आला.

भुजंग मेश्राम (१९५८–२००७) या जिल्ह्यातून आलेले कवी. १९९० मधील त्यांच्या संग्रहाचे नाव ‘उलगुलान’ हे बिरसा मुंडाच्या उठावाचे आहे, कोणत्याही झाडा-फुलाचे नाही. मराठीत आदिवासी बोलींची रूपे आणून त्यांनी जी कविता लिहिली तीत जंगल आहे. पण ‘निसर्गकविता’ या कप्प्यात ती बसत नाही. बालकवींपासून चालत आलेल्या परंपरेत कवी निसर्गाकडे जातो. मेश्रामांच्या कवितेतला माणूस जंगलाकडे जात नाही, तो तेथून काढला जातो. निसर्गसहवासाने होणाऱ्या विकासाची चर्चा या कवितेला वगळून केली, तर ती सहलीला जाणाऱ्यांपुरती उरते.

भीतीचा भाग अलीकडचा आहे. केळापूर व घाटंजी परिसरातील टिपेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. सुमारे १४८ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात वाघ वाढले आणि पर्यटकही येऊ लागले. त्याच काळात, २०१६ ते २०१८ या वर्षांत, पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात ‘टी-१’ किंवा ‘अवनी’ या नावांनी ओळखल्या गेलेल्या वाघिणीशी १३ जणांचे मृत्यू जोडले गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटी परिसरात ती मारली गेली. शहरी वृत्तपत्रांतून तिच्यासाठी शोक व्यक्त झाला; गावांतून सुटकेचा निःश्वास टाकला गेला. ‘अवनी’ आणि ‘टी-१’ ही दोन नावे दोन दृष्टींची आहेत, पण त्या दोन्हीही गावाच्या नव्हेत. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला त्या दोन वर्षांत वावरसुद्धा उरले नव्हते, कारण वावर आणि जंगल यांच्यामध्ये कुंपण नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ला (१९८२) १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरटोळ्यांच्या त्या क्रूर सत्तासंघर्षात निसर्गाचे हे कठोर रूप आहे. तथापि माणूस तेथे केवळ पाहणारा आहे. पाहणाराच भक्ष्य होऊ शकतो अशा जागेवरचे मराठी ललित गद्य अजून फारसे लिहिले गेलेले नाही.

याच राळेगाव तालुक्यातील रावेरी येथे सीतेचे मंदिर आहे. तेथे सीता रामाशिवाय आहे. स्थानिक कथेप्रमाणे टाकून दिलेली गर्भवती सीता या भागात राहिली, येथेच लव-कुशांचा जन्म झाला. तिने गावात गहू मागितला, तो नाकारला गेला आणि तिच्या शापाने येथे गहू पिकेनासा झाला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांच्या पुढाकाराने मंदिराचा जीर्णोद्धार झाला आणि परित्यक्ता स्त्रियांच्या प्रश्नाशी ते जोडले गेले. या कथेत अरण्य स्वास्थ्य देणारे आहे काय? उत्तर सरळ नाही. सीता तेथे स्वेच्छेने गेलेली नाही; साळबर्डीची मुक्ताबाई आणि रावेरीची सीता यांच्यातील अंतर म्हणजे निवडीचे अंतर. तरीही जात्यावरच्या ओव्यांत रडणाऱ्या सीतेची समजूत घालावयास बोरी-बाभळी बायका होऊन येतात. तारा भवाळकर यांच्या ‘सीतायन’ने लोकपरंपरेतील या सीतेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आहे. ओवीतील झाडे दृश्य म्हणून येत नाहीत. माणसांनी जे करावयास हवे होते आणि केले नाही, ते काम ती करतात. बोर आणि बाभूळ ही काटेरी, बांधावरची, वावराच्या कडेची झाडे आहेत. ओवी रचणाऱ्या बाईने चंदन किंवा अशोक निवडलेला नाही. तिला रोज दिसणारे, सरपणाला लागणारे, पायात काटा मोडणारे झाडच तिने सोबतीला घेतले.

रावेरीच्या परिसरातील ओव्या तेथील वऱ्हाडी उच्चारांसह, गाणारीच्या वयाच्या व कामाच्या नोंदीसह संकलित करणे हे जिल्ह्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. घरोघरी पिठाची गिरणी पोहोचल्यानंतर जात्याशी संबंध असलेल्या स्त्रियांची शेवटची पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. त्या संकलनात झाडांची नावे वेगळी टिपावीत आणि जवळच्या पोडांवर त्याच झाडांना कोलामीत काय म्हणतात, तेही विचारून घ्यावे.