खोलीकरणाआधी काठ बघा

मालगुजारी तलावाचं खोलीकरण निघालं की आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे सगळे खूश. गाळ शेतात पडतो, पाणी वाढतं, पुढाऱ्यांच्या हस्ते नारळ फुटतो. अशाच एका तलावावर मी नंतरही जात राहिलो. जेसीबीने कडा उभ्या कापल्या होत्या. पाणी उदंड, पण काठचं देवधान हे रानभात गेलं, तळाशी पाण्याखाली वाढणारा चिला गेला. कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो, त्याला पानच उरलं नाही. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः गोंदियात, आणि त्याला चरायला उथळ पाणी लागतं; तो इकडे फिरकेना. मरळीच्या पिल्लांचा आडोसा गेला. वरून ठेकेदाराने गवत्या मासा सोडला, त्याने उरलंसुरलं फस्त केलं. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, संपून तलाव सरकारजमा झाले, तेव्हापासून पाण्याला मागणारे पुष्कळ, काठाला कुणी नाही.

म्हणून कामाआधी पाहणी करा, आणि पाहणी म्हणजे जानेवारीत दुर्बीण घेऊन एक सकाळ नव्हे. पक्षी आज इथे, उद्या शेजारच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर. पाण्यात उतरा. काठापासून आत दोरी ताणा, थोड्या थोड्या अंतरावर काठीने खोली मोजा, हाताला येईल ती वनस्पती उपटून नोंदवा. पावसाळा सरताना एकदा, थंडीत एकदा, आणि पाणी आटल्यावर तर नक्कीच. सोबत मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बाया हव्यात. कोणत्या पाल्यात झिंगे बसतात हे त्या चिखलाला पाय लागताच सांगतात. आपण वही सांभाळावी.

पाहणीनंतर काठ सावरताना बेशरमाची झुडपं नुसती कापू नका, तुकड्यातून पुन्हा फुटतात. मुळासकट उपटून तलावाबाहेर कडक उन्हात वाळवा. गेलेल्या वनस्पतींची लागवड पहिल्या पावसानंतर, पाणी गुडघ्याखाली असताना: जवळच्या तलावातून आणलेले चिल्याचे कोंब चिखलात खोचायचे आणि पायाने दाबत पुढे सरकायचं. आणलेल्या जुडीत जलकुंभीचं एखादं रोप लपलेलं असतं, ते आधी वेचा. एवढ्याचा कंटाळा फार महागात पडतो.

खणायचंच तर मध्यभागी खणा, तेही यंदा अर्धं आणि पुढच्या साली अर्धं. काठाला एक फूट खोलीमागे निदान दहा फुटांचा उतार ठेवा. हे सगळं ग्रामसभेच्या ठरावात घाला, गवत्या न सोडण्याची अट मासेमारीच्या करारात घाला, आणि काठाच्या न खणता सोडायच्या पट्ट्याभोवती चुन्याची रेघ स्वतः उभं राहून मारून घ्या. मशीन तासावर चालतं. ठराव वाचायला ड्रायव्हर थांबत नाही.